आबा, बॉक्स्टी आणि करपा

आबांनी मेनूकार्ड उलटसुलट करून पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "बटाटा कुठल्या जातीचा, ते लिहिलंय का यात कुठं?"

डब्लिनमध्ये सात वर्षं काढली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मे महिना होता. आई-आबा पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. आबा सातगाव पठारावरचे शेतकरी. मंचरजवळचं आमचं हे पठार पावसाच्या पाण्यावरच्या खरीप बटाट्यासाठी ओळखलं जातं. पंजाबचं बेणं मंचरच्या बाजारातून उचलायचं, पाऊस झाला की जून-जुलैत लागवड करायची आणि गणपती-नवरात्राच्या सुमारास काढणीला लागायचं. दोन आत्यांची लग्नं, घराचा स्लॅब, माझं इंजिनिअरिंग, सगळं या बटाट्यावर झालं. त्यामुळे दोघांचं तिकीट काढलं तेव्हाच मी ठरवलं होतं की यांना एकदा तरी इथलं, म्हणजे खरं आयरिश जेवण जेवू घालायचं. पाहुणे आले की आपण त्यांना हमखास इंडियन रेस्टॉरंटमध्ये नेतो. मीही नेते. पण बटाट्याच्या देशात आलेल्या बटाटेवाल्याला पनीर खायला घालून परत पाठवायचं माझ्या मनाला पटेना.

अडचण एकच होती. दोघंही माळकरी. मांस-मासे नाहीत, अंडंही नाही. आणि इथल्या स्वयंपाकातली नावाजलेली पानं बघितली तर स्ट्यू मटणाचा, कॉडलमध्ये सॉसेज आणि डुकराच्या मांसाचे काप, चाउडरमध्ये मासे. ओळखीतल्या दोघा-तिघांनी मला सरळ सांगितलं, नको नेऊस, उपाशी उठतील. पण हे अर्धंच खरं आहे. आयरिश घरातला दुसरा अर्धा स्वयंपाक बटाटा, कोबी, कांदा, ओट्स, दूध, लोणी आणि ताक यांवरच उभा आहे. गरिबाच्या घरात मांस रोज कुठून येणार? तो अर्धा मला त्यांना दाखवायचा होता.

टेंपल बार या डब्लिनच्या भागात, लिफी नदीच्या दक्षिण काठाला, अशा जेवणासाठी पर्यटकांची रीघ लागलेली असते. मला हवं होतं ते रेस्टॉरंट लहान आहे, आणि शनिवारी सातचं टेबल तीन आठवडे मिळत नव्हतं. सव्वापाचचं मिळालं, तेही दीड तासात उठायच्या अटीवर. बुकिंग करताना शेरा लिहिला: दोघं शाकाहारी, अंडं नको, मांसाचा अर्क नको. तेवढ्यावर न थांबता आदल्या दिवशी दुपारी तीनला फोनही केला. तुम्हाला कुणाला न्यायचं असेल तर याच वेळेला करा. दुपारची गर्दी ओसरलेली असते, संध्याकाळची सुरू झालेली नसते, आणि फोन उचलणारा माणूस स्वयंपाकघरात जाऊन विचारून येतो.

हेपेनी ब्रिजवरून चालत आलो. १८१६ सालचा हा लोखंडी पूल आईला फार आवडला. तिने कठड्यावरून हात फिरवत फिरवतच तो ओलांडला. पुढे दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, आणि आत शिरल्यावर एकदम अंधारल्यासारखं. उघड्या दगडाच्या भिंती, बुटकं छत, लाकडी तुळया. टेबलं लांबलचक, दोन-तीन कुटुंबांनी वाटून घ्यायची. आई माझ्या कानाशी म्हणाली, "पंगतीसारखंच आहे की गं." आमच्या पंगतीला समोर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

मेनूकार्डावर बटाट्याची जात नव्हती, पण प्रत्येक पदार्थापुढे बारीक अक्षरात १ ते १४ मधले आकडे होते. युरोपातल्या कायद्याप्रमाणे ॲलर्जी होऊ शकणारे चौदा घटक ग्राहकाला कळवावे लागतात, आणि बरीच हॉटेलं ते असे आकड्यांनी लिहितात. माळकऱ्यांना याचा उपयोग होतो, कारण अंड्यालाही त्यात आकडा असतो. कुठला आकडा कशाचा ते कार्डाच्या तळाशी दिलेलं असतं. मी बोट ठेवून अंड्याचे पदार्थ बाजूला काढले. पण चिकन-मटणाला आकडा नसतो, हे नीट लक्षात ठेवा. ते तोंडानेच विचारावं लागतं.

आणि विचारलं ते बरं झालं. भाज्यांचं सूप शाकाहारी आहे का म्हटल्यावर वाढणारी मुलगी "हो, हो" म्हणून गेली आणि दोनच मिनिटांत परत आली. चेहरा उतरलेला. आज सुपाला कोंबडीचं पाणी वापरलंय म्हणाली. तिने दोनदा माफी मागितली. आईला मी सांगितलं तर आई म्हणाली, "परत येऊन सांगितलं ना पोरीनं, देव भेटला." आणि हात उचलून तिला नमस्कार केला. त्यानंतर ती मुलगी आमच्या टेबलाला घरच्यासारखी जपत राहिली. आबांचा बटाट्याचा प्रश्नही मी तिलाच दिला. ती आत गेली, उत्तर घेऊन आली: रूस्टर. लाल सालीचा, इथे सगळ्यात जास्त पिकणारा.

"पीठाळ असणार," आबा म्हणाले. "चिकट बटाट्याची यांची भाकर फुलायची नाही."

आधी सोडा ब्रेड आला. जाड काप, खरबरीत, तपकिरी, वरच्या कवचावर चाकूने पाडलेल्या फुलीची खूण. यात यीस्ट नसतं. इथला गहू मऊ, त्याला चिवटपणा कमी, यीस्टने तो नीट फुगत नाही. म्हणून आंबट ताक आणि खायचा सोडा. दोन्ही एकत्र आले की पीठ लगेच फसफसतं, मळायचंही नसतं, भराभर गोळा करून भट्टीत घालायचं. मी हे सांगेपर्यंत आईने काप नाकाशी नेला होता. "ताकाचा वास येतोय," ती म्हणाली आणि कधी नव्हे ती माझ्याआधी जेवायला लागली.

आबांचं लक्ष लोण्याकडे होतं. खारट, हळदीसारखं पिवळंधमक. त्यांनी सुरीच्या टोकावर घेऊन उजेडाकडे धरलं. "गाईचं. आणि गाई मोकळ्या चरतात, दावणीला नाहीत. ओल्या गवताशिवाय हा रंग चढत नाही." बरोबरच होतं. इथल्या गाई वर्षातले बरेच महिने कुरणावर असतात आणि गवतातलाच पिवळेपणा लोण्यात उतरतो. बाहेरून एकही गाय न बघता आबांनी ते सुरीच्या टोकावर ओळखलं. मला इतकं भरून आलं की मी उगाच पाणी प्यायले.

मग बॉक्स्टी आली.

बॉक्स्टी म्हणजे बटाट्याचं धिरडं म्हणा, पण तेवढ्यावर भागत नाही. अर्धा बटाटा कच्चा किसलेला, अर्धा उकडून कुस्करलेला, थोडं गव्हाचं पीठ, ताक, मीठ. तव्यावर लोणी सोडून दोन्ही बाजूंनी भाजायचं. लीट्रिम, कॅव्हन, फर्मानाह या वायव्येकडच्या भागांतली ही खरी वस्ती. तिथे तिचे तीन प्रकार करतात: तव्यावरची, पाण्यात उकडलेल्या लादीचे काप करून पुन्हा परतलेली, आणि गोळ्यांची. नाव कुठून आलं याबद्दल एक मत असं की 'आरान बॉख्त टी', म्हणजे गरिबाघरची भाकरी, यावरून. आमच्यापुढे आली ती तव्यावरची, मोठी, घडी घातलेली, आत मश्रूम, लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) आणि सायीचं सारण. बाजूला वाडगाभर कॉलकॅनन: कुस्करलेला बटाटा आणि त्यात केल या कोबीसारख्या पालेभाजीची उकडलेली पानं, मधोमध खळगा करून लोणी सोडलेलं. भातावर तूप वाढतो तसंच.

घडी उलगडून आईने आधी नुसता तुकडा मोडला. बाहेर कडेला जाळी पडलेली, कुरकुरीत, आणि आत मऊ, किंचित ओढला जाणारा. ती ओढ तिने बोटांनी दोनदा करून पाहिला. "किसून पिळलाय," ती म्हणाली, "आणि खालचा चीक परत घातलाय. नाहीतर हे असं तुटत नाही."

समोरच्या आजीबाई मघापासून आमच्याकडे बघून हसत होत्या. आई काय म्हणाली ते त्यांनी मला विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी काटा खालीच ठेवला. त्या लीट्रिमच्या निघाल्या. लेकीकडे डब्लिनला आल्या होत्या आणि लेकीने त्यांना इथे जेवायला पाठवलं होतं. त्यांनी सांगितलं, त्यांच्या आजीकडे विकतची किसणी नव्हती. पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून, उलटी बाजू किसणी म्हणून वापरायची. किस कापडात बांधून पिळायचा, पिळलेलं पाणी भांड्यात निवळू द्यायचं, वरचं ओतून टाकायचं आणि तळाशी बसलेला पांढरा थर परत पिठात मिसळायचा. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि आई मान हलवत होती. कुरडयांचा गव्हाचा चीक जिने उभं आयुष्य काढला, तिला यातलं काहीच नवं नव्हतं. शेवटी त्या दोघी माझ्याशिवायच बोलायला लागल्या. आजीबाई हाताने पिळून दाखवायच्या, आई हाताने भांडं तिरकं करून दाखवायची.

तिथे सारणाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. सायीचं सारण पर्यटकांसाठी आहे, असं आजीबाईंनीच हळूच सांगितलं. घरी नुसती बॉक्स्टी, लोणी, फार तर वर साखर. मलाही तीच खरी वाटते. तुम्ही गेलात तर सारण वेगळ्या वाटीत मागा आणि पहिले चार घास नुसते खा.

आबा गप्प होते. त्यांनी बॉक्स्टी संपवली, कॉलकॅननचा वाडगा पुसून घेतला, आणि मग म्हणाले, "इथंच ना तो करपा आला होता?"

त्यांना हे कुठून माहीत म्हणून मी बघतच राहिले. तर कधीकाळी कृषी खात्याच्या मेळाव्यात एका शास्त्रज्ञाने सांगितलं होतं, बटाट्याच्या उशिराच्या करप्याने, म्हणजे पानं आणि कंद सडवणाऱ्या रोगाने, एक देश उपाशी मेला. देशाचं नाव आबांनी लक्षात ठेवलं होतं.

मग मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. १८४५ च्या सप्टेंबरात तो इथे दिसला. गरिबांची भिस्त जवळजवळ लंपर नावाच्या एकाच जातीवर, कारण ती निकस जमिनीतही भरभरून यायची. कष्टकरी माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, सोबत ताक किंवा दूध, बस्स. जमीन जमीनदारांची, धान्य, जनावरं, लोणी हे खंडापोटी आणि व्यापारात देशाबाहेर जायचं, आणि उपासमारीतही ते जात राहिलं. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. १८४१ मध्ये या बेटावर ऐंशी लाखांहून जास्त लोक होते. आज पावणेदोनशे वर्षांनंतरही तो आकडा भरून आलेला नाही.

आबांनी ऐकून घेतलं. "बेणं म्हणजे बटाट्याचाच तुकडा," ते म्हणाले. "एका जातीचं सगळं रान म्हणजे एकच झाड. एकाला धरलं की सगळ्यांना धरणार. आभाळ दोन-तीन दिवस बसलं, धुकं धरलं, की संपलं. पान उलटं करून बघायचं. खालून पांढरी बुरशी दिसली की रात्रीत फवारायला लागतं. यांच्याकडं फवारायला काय होतं?"

काहीच नव्हतं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये पुढे आलं ते १८८५ च्या सुमारास.

"चाळीस वर्षं," आबा म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी बहात्तरच्या दुष्काळाचं काढलं. मी ते लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या टेबलावर ते वेगळं ऐकू आलं. आबा तेव्हा चौदा वर्षांचे. आजोबांबरोबर खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो, ती लाल ज्वारी. भाकरी थापली जायची नाही, घशाखाली उतरायची नाही. मी त्यांना सांगितलं की इथेही १८४६ मध्ये सरकारने अमेरिकेतून मका आणला होता. दाणा टणक, दळायचा-शिजवायचा कसा ते लोकांना माहीत नाही, खाऊन पोटं बिघडायची. आणि इथेही दुष्काळी कामं निघाली होती; खडी फोडणं, रस्ते करणं. उपाशी माणसांनी केलेले रस्ते पश्चिमेकडे अजून आहेत. आबांनी समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे पाहिलं. त्यांना आमच्या बोलण्यातलं काय कळलं असेल कोण जाणे, "फॅमिन" हा शब्द मात्र माझ्या तोंडून गेला होता. त्यांनी टेबलावरून हात पुढे केला आणि आबांचा हात थोडा वेळ धरून ठेवला.

तेवढ्यात कोपऱ्यात फिडल वाजायला लागलं, जोडीला बोध्रान. बोध्रान म्हणजे आपल्या डफासारखं, एका बाजूने चामडं मढवलेलं. एका हातात आखूड काठी आणि दुसरा हात आतून चामड्यावर दाबून सूर चढवायचा-उतरवायचा. भजनात पखवाज वाजवणाऱ्या आबांनी तो आतला हात बरोबर हेरला आणि गाणं संपेपर्यंत नजर तिथून हलवली नाही.

दीड तासाची अट होती, पण त्या मुलीने आम्हाला उठवलं नाही. बिल आल्यावर आबांनी हिशेब केलाच. एका बॉक्स्टीचे वीस युरोंच्या वर, म्हणजे दोन हजार रुपये. वाईट भाव असला तर एवढ्या पैशांत आपल्या दोन गोण्या जातात, म्हणाले. रागाने नव्हे. "बटाट्याला एवढा मान आहे इथं, चांगलं आहे," असं वर म्हणाले. दहा टक्के टीप ठेवायला मी निघाले तर आईने जास्त ठेवायला लावली, सूपवाल्या पोरीसाठी.

बाहेर लख्ख उजेड होता; मेमध्ये इथे नऊच्या पुढे सूर्य मावळतो. आजीबाईंनी सांगितलं होतं म्हणून नदीच्या काठाने कस्टम हाउसपर्यंत चालत गेलो. तिथे १९९७ साली उभारलेले रोवन गिलेस्पी यांचे ब्राँझचे पुतळे आहेत: हाडांचे सापळे झालेली माणसं, फाटके कपडे, गाठोडी उराशी धरून गोदीकडे निघालेली. एकाच्या मानेवर आडवं टाकलेलं मूल आहे. मागे एक कुत्रा. येणारेजाणारे फोटो काढत होते. आबांनी चपला काढल्या, टोपी काढली आणि उभे राहिले. मी त्यांना चपला घाला म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईने घरी बॉक्स्टी केली. प्रमाण मी लिहून घेतलं: दोन कच्चे बटाटे, दोन उकडलेले, मूठ-दीड मूठ कणीक, पीठ सैलसर होईल इतकं ताक, मीठ. कच्चा किस लगेच पिळायचा, नाहीतर काळा पडतो. पिळलेलं पाणी दहा मिनिटं निवळू द्यायचं. तळाशी खडूसारखा घट्ट थर बसतो. बोट लावलं की कुरकुर वाजतो. तो घेतलाच पाहिजे. पहिली बॉक्स्टी तुटली, कारण तवा पुरेसा तापला नव्हता. दुसरीपासून मध्यम आच आणि झाकण न ठेवता आठ-दहा मिनिटं, मग कडा आपोआप सुटते. आईने तिसरीत हिरवी मिरची आणि जिरं घातलं. ती छान लागली, पण आबांनी चौथी पुन्हा बिनमिरचीची मागितली.

दहा जूनला ते परत गेले. लागवड तोंडावर होती.

जुलैच्या अखेरीला व्हिडिओ कॉल आला. पठारावर तीन दिवस आभाळ बसलेलं, रिपरिप चालू. आबा डोक्यावर पोतं घेऊन सरीत उभे होते. आवाज तुटत होता, बोलणं काही कळत नव्हतं. त्यांनी फोन खाली नेला, एक पान हातात धरलं आणि उलटं करून माझ्यापुढे आणलं. मी स्क्रीन अगदी डोळ्यांजवळ घेतला. खालची बाजू स्वच्छ हिरवी होती.